स्टेजच्या चार पायऱ्या

पुण्यात रागावणाऱ्या माणसांचा तुटवडा नाही, पण राग हाच ज्यांचा पूर्णवेळचा व्यवसाय आहे असे गृहस्थ एकच, आणि ते वारज्यात आमच्या बरोबर डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहतात. सगळी सोसायटी त्यांना 'वरचे काका' म्हणते. आयुष्यभर त्यांनी मुलांना लोखंड कापायला आणि सांधायला शिकवलं. आता निवृत्तीनंतर खिशात मोजायची टेप घालून ते गावभर दुसऱ्यांच्या चुका मोजत हिंडतात. बँकेच्या दाराशी उंच पायरी दिसली की सरळ आत जाऊन मॅनेजरला विचारतात, "ही कुणासाठी बांधलीत? गिर्यारोहकांसाठी?" आमच्या सोसायटीच्या रॅम्पवर चेअरमनसाहेबांनी एकदा शोभेच्या कुंड्या मांडल्या, तर काकांनी एका सकाळी त्या सगळ्या उचलून चेअरमनांच्याच दारात, जाळीचं दार उघडणार नाही अशा बेताने ओळीने लावल्या. चेअरमन आतून हाका मारताहेत आणि काका बाहेरून शांतपणे विचारताहेत, "आता कळलं ना, कसं वाटतं ते?"

त्या रॅम्पची खरी गरज होती तळमजल्यावरच्या ऋचाला. व्हीलचेअरवर बसूनच ती शाळा शिकली, कॉलेजात गेली. रोज सकाळी तिचे बाबा तिला उचलून रिक्षात बसवायचे, खुर्ची घडी करून पायाशी ठेवायचे, तिला कॉलेजात सोडून मग कामावर जायचे. संध्याकाळी पुन्हा तेच. मुलगी मोठी होत गेली, बाबा काही तरुण होत गेले नाहीत. एके दिवशी त्यांची कंबर गेली. डॉक्टर म्हणाले, बाकी काहीही करा, गाडी चालवा, पण वजन उचलायचं नाही. झालं! संख्याशास्त्रात वर्गात पहिली येणारी पोरगी घरी बसली. जूनपर्यंत सोय झाली नाही तर कॉलेज सुटणार, हे उघड होतं. खुर्चीसकट आत जाता येईल अशी, मागे रॅम्प असलेली गाडी हवी होती, आणि ती त्या घराच्या आवाक्यात नव्हती.

काका माझ्या दारात येऊन उभे राहिले. "बाई, वर्गणी गोळा करायची आहे. तुम्ही गोड बोलता, मला ते जमत नाही. चला." मी गोड बोलते हा त्यांचा गैरसमज पहिल्या संध्याकाळीच दूर झाला. अहो, काय काय ऐकून घेतलं! "गाडीच कशाला? हल्ली कॅब मिळते की." "ऑनलाइन नाही का शिकता येत तिला?" एका गृहस्थांच्या स्वतःच्या दोन गाड्या कायम पाहुण्यांच्या जागेत उभ्या असतात, ते विचारतात, "पण ही गाडी पार्क कुठे करणार?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काकांची तऱ्हा मात्र निराळी. न देणाऱ्यांना ते सोडून देत आणि देणाऱ्यांवर संतापत. बी विंगमधल्या एका बाईंनी पाकीट पुढे करत डोळ्यांना पदर लावला, "बिचारीचं नशीब हो!" काकांनी पाकीट परत त्यांच्या हातात ठेवलं. "नशीब ठीक आहे तिचं. फक्त गाडी नाहीये. एवढं सरळ म्हणता आलं की कळवा, परत येतो." मी जिन्यातच कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी त्याच बाई स्वतः तीन मजले चढून आल्या, ते वाक्य सरळ म्हणून दाखवलं आणि पाकीट देऊन गेल्या.

असं भांडत भांडत मेच्या अखेरीस एक जुनी पण धडधाकट व्हॅन घेतली. येरवड्याच्या एका गॅरेजात रॅम्प बसवायचं काम चाललं, तर काका रोज दोन बस बदलून तिथे हजर. मेकॅनिकने शेवटी हात जोडले, "सर, एकतर तुम्ही करा, नाहीतर मला करू द्या." काकांनी बाह्या सरसावल्या आणि निम्मं वेल्डिंग स्वतः केलं.

आणि मग आमच्या कमिटीला समारंभाचा झटका आला. स्टेज, शाल, नारळ आणि प्रमुख पाहुणे नसतील तर चांगलं काम झालं असं आमच्याकडे कुणी धरतच नाही. मांडववाल्याने पार्किंगमध्ये स्टेज ठोकलं. एक किल्ली घेऊन काका गाडी आणायला गॅरेजात गेलेले, दुसरी स्टेजवर तबकात ठेवलेली. प्रमुख पाहुणे रिवाजाप्रमाणे उशिरा आले, आणि चेअरमननी माइकवरून पुकारलं, "ऋचाने मंचावर येऊन किल्ली स्वीकारावी."

ऋचा खाली, आणि मंचाला चार पायऱ्या. पाच महिने अख्खी सोसायटी रॅम्पसाठी पैसे जमवत होती आणि एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. माझ्याही नाही, त्याची लाज मला अजून वाटते. चेअरमन मात्र हसून म्हणाले, "त्यात काय, चौघे जण उचलून घेऊ! फोटोही छान येईल." चौघे पुढे सरसावले. त्यांच्याही आधी ऋचाचे बाबा, कंबरेचा पट्टा सावरत. ऋचा मान खाली घालून बसली होती.

तेवढ्यात मेकॅनिकने चालवत आणलेली व्हॅन फाटकातून आत आली आणि ती थांबायच्या आत काका उतरले.

"खबरदार कुणी हात लावाल तर! हिला उचलावं लागू नये म्हणून पाच महिने दारोदार हिंडलो, आणि तुम्ही हिला उचलण्याचाच कार्यक्रम ठेवलात?"

"अहो, पण पाहुणे वर आहेत," चेअरमन चाचरले.

"त्यांना उतरता येतं. म्हणावं, उतरा."

आणि खरोखर, पाहुणे शालीसकट खाली उतरले.

ऋचाने किल्ली घेतली, बाबांच्या शर्टाच्या खिशात टाकली आणि खुर्ची वळवली. काकांनी मागचा रॅम्प खाली सोडला. ती एकटीच, हातांनी चाकं फिरवत, निघाली. सवयीने बाबा धावले; वाकून त्यांनी दोन्ही हात पुढे पसरले, तिच्या पाठीखाली आणि गुडघ्यांखाली घालायला. तोवर ती आत पोहोचली होती. "बाबा, बसा ना. निघू या," ती आतून म्हणाली.

बाबांचे हात तसेच हवेत राहिले. हसावं की रडावं, त्यांना कळेना. आता काका खेकसणार म्हणून मी धसकून पाहिलं. काका जवळ गेले, त्यांनी ते दोन्ही हात हळूच खाली घेतले, आणि त्यांच्या तोंडून मी कधीही ऐकला नव्हता अशा आवाजात ते म्हणाले, "असू द्या. एकोणीस वर्षांची सवय आहे. आता स्टिअरिंग धरा."