सुरूवरचे वाळे
सुरूच्या ओल्या फांदीचा वास आला की मला ठाण्यातले आमचे जुने अंगण आठवते. वडील ख्रिस्ती झाले तेव्हा आजोबांनी माझ्या तान्ह्या भावाला कल्याणला ठेवून घेतले. आईकडे त्याचे चांदीचे वाळे तेवढे राहिले. नाताळात आम्ही सुरूची फांदी कुंडीत रोवायचो आणि आई सगळ्यांत आधी तिच्यावर ते वाळे बांधायची. एका नाताळात काका आले. ओटीवर न चढता अंगणातूनच म्हणाले, "वहिनी, माघात धाकट्याची मुंज आहे. तुम्ही कोणी येऊ नका." आईने एवढेच विचारले, "मातृभोजनाला त्याच्या ताटात कोण जेवणार?" "त्याची काकू. आई वारली, असंच त्याला सांगितलंय." नाताळ सरला, फांदी वाळून तांबूस झाली, तरी आईने ती काढू दिली नाही. मुंजीच्या दिवशी ती ताट वाढून फांदीपुढे बसली. पहिला घास तिने वाळ्यांपाशी नेला आणि हात तसाच धरून राहिली. भात हातातच सुकला. यंदा पावसाळ्यात आई गेली. आज वाळे मी बांधले. कल्याणला कोणी कळवले नाही; तिथे ती केव्हाच वारली होती.