खरवसाएवढ्या जाड प्लेटा घेऊन नागपूरला

कोल्हापूरहून नागपूरकडे जाणारी गाडी दुपारी सुटते आणि दुसऱ्या दिवशी दुपार कलली तरी आपण महाराष्ट्रातच असतो. केवढा हा आपला महाराष्ट्र, बाई! मी जन्मात कधी पुण्याच्या पलीकडे गेले नव्हते. त्रेपन्नाव्या वर्षी एकटी एवढ्या लांब निघाले म्हणून घरच्यांनी सूचना देऊन देऊन माझे कान किटवले, आणि मी आपली सहलीला निघालेल्या शाळकरी मुलीसारखी आदल्या दिवसापासूनच तयार!

गडहिंग्लजकडच्या एका लहान दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन आहे. पेशंटच्या लघवीतला, जखमेतला जंतू मी प्लेटवर वाढवते. प्लेट म्हणजे झाकणाची चपटी ताटली, तिच्यात अगार (जंतूंच्या खाण्याचा, जेलीसारखा थिजलेला थर) ओतलेला असतो. त्यावर जंतू फासायचा आणि औषधात भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती पुरेसं मोठं स्वच्छ वर्तुळ दिसलं तर औषध चालतं. वर्तुळ लहान राहिलं तर जंतू त्या औषधाला दाद देत नाही. मी पट्टीने मोजते, कागदावर लिहिते, सही करते, आणि आमचे डॉक्टर सबनीसही खाली सही करून त्यावरून औषध ठरवतात.

नागपूरच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आमच्यासारख्या लहान दवाखान्यांतल्या लोकांना पाच दिवस शिकवणार होते. आमच्याकडचे दहा जंतू नीट सीलबंद करून कुरिअरने आधीच गेले होते. वर्षभरात कुठलं औषध चाललं आणि कुठलं नाही त्याचा तक्ता, आणि स्वतः ओतलेल्या चार कोऱ्या प्लेटा, एवढं मी बरोबर न्यायचं होतं.

निघायच्या दिवशी सुगंधा ब्लाऊज घेऊन आली. सुगंधा आमच्या गल्लीतली शिवणारी. लघवीच्या जळजळीने वर्षात तिसऱ्यांदा बेजार झालेली. या दुखण्यावर एक पिवळी कॅप्सूल असते, साधी, घरी घ्यायची. पण तिच्या जंतूवर कॅप्सूल चालत नाही असं माझ्या कागदावर आलं होतं, इतर गोळ्याही चालत नव्हत्या. म्हणून ती रोज दवाखान्यात येऊन शिरेतून इंजेक्शन घेत होती. उजवा हात सुजून टम्म झाला होता, शीर सापडेना.

"हुका डाव्या हातानं लावल्यात," ती म्हणाली. "वाकड्या दिसल्या तर पदर घ्या. आणि शोभाताई, तिथं मोठी मोठी माणसं असतील, माझ्यासाठी एखादी गोळी सापडते का बघा की. हा हात गेला तर मी खाऊ काय?"

"बघते," मी म्हटलं. तोच मोरपंखी ब्लाऊज घालून मी गाडीत बसले.

प्लेटांचा बर्फाचा डबा मी मांडीवरून खाली ठेवला नाही. सकाळी अकोला मागे पडल्यावर बर्फाच्या पिशव्या नीट लावायला तो उघडला, तर समोरच्या काकू डोकावल्या. काकू काटोलच्या. पुण्याला मुलाकडे गेल्या होत्या, आता नागपूरला उतरून पुढे बसने घरी.

"खरवस घेऊन चालली काय वं नागपूरले?"

"नाही हो काकू, हे जंतूंचं जेवण आहे."

"जंतूले जेवाले घालते? काहून वं, त्यायचं लगन आहे काय?"

सगळा डबा हसला. मग मी त्यांना टिकल्यांचं आणि वर्तुळांचं सांगितलं. काकूंनी मन लावून ऐकलं, मग झाकणाआडून प्लेट न्याहाळली. "मस्त जाड ओतली पण. हात सढळ आहे तुहा," त्या म्हणाल्या. मी फुलून गेले. आमच्या सासूबाईही हेच म्हणतात, शोभाच्या हातचं घावनसुद्धा पोटभरीचं असतं. काकूंनी पिशवीतून संत्री काढून माझ्या ओटीत घातली. साल हात लावताच सुटणारी, घरच्या बागेतली. बुटीबोरीच्या कारखान्यांची धुराडी दिसू लागली तेव्हा आमच्या पायाशी सालींचा ढीग झाला होता.

उतरायची सोय धरमपेठेत एका वसतिगृहात होती. डिसेंबरची थंडी अशी की गडहिंग्लजची थंडी म्हणजे नुसता वारा वाटावा. सकाळी कोपऱ्यावर तर्री-पोहे (पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत लाल रस्सा) खाल्ले. "आम्ही कोल्हापूरकडचे, आणखी घाला," असं ऐटीत म्हणाले आणि दोन घासांत नाकातून पाणी! गाडीवाला शांतपणे म्हणाला, "सावकाश खा, ताई. पोहे कुठं पळून नाही राहिले."

आणि ती प्रयोगशाळा! काय सांगू तुम्हाला! आमच्या दवाखान्याची लॅब म्हणजे जिन्याखालची खोली, आणि इथे एक अख्खा मजला. एका यंत्रात रक्ताच्या बाटल्या ठेवायच्या, जंतू वाढला की ते आपणहून सांगतं. मी तोंड उघडं टाकून बघत होते. आम्हाला शिकवणारे निखाडेभाऊ म्हणजे इथले जुने टेक्निशियन, केस पांढरे, चालणं तुरुतुरु. मुख्य डॉक्टर देशकर मॅडम, बोलायला मऊ, नजर मात्र तीक्ष्ण.

भिंतीवर सगळ्या दवाखान्यांचे तक्ते लावले. चालणाऱ्या औषधापुढे हिरवा ठिपका, न चालणाऱ्यापुढे लाल. पिवळ्या कॅप्सूलच्या रांगेत गोंदिया हिरवं, परभणी हिरवं, नंदुरबार हिरवं. आणि आमचा तक्ता लालेलाल.

"अरे बापरे," गोंदियाहून शिकायला आलेली मुलगी म्हणाली, "तुमच्याकडे हा कोणता जंतू निघाला, मॅडम?"

सगळे माझ्याभोवती जमले. खरं सांगते, मला गुदगुल्या झाल्या. जो जंतू कुणाकडे नाही तो आमच्या तालुक्यात, आणि तो शोधला कुणी, तर जिन्याखाली बसणाऱ्या शोभाने! वर्तमानपत्रात माझा फोटो, अंगात हाच मोरपंखी ब्लाऊज, इथपर्यंत मी मनात जाऊन आले.

देशकर मॅडमचे डोळेही चमकले. "खरं निघालं तर फार मोठी गोष्ट आहे, शोभाताई. पण आधी ओळखीचा जंतू लावा."

ओळखीचा जंतू म्हणजे ज्याचं वर्तुळ केवढं यायला हवं हे आधीच ठाऊक असतं तो. त्याचं वर्तुळ चुकलं तर दोष जंतूचा नाही, आपल्या हाताचा. आमच्याकडे तो कधी लावलेलाच नव्हता. मागवायचा म्हणता म्हणता राहून गेला होता. मी एक त्यांच्या प्लेटवर लावला, एक माझ्या.

दुसऱ्या दिवशी दोन्ही प्लेटा शेजारी ठेवल्या. त्यांच्या प्लेटवर वर्तुळ हवं तेवढं होतं. माझ्या प्लेटवर ते टिकलीला चिकटून आक्रसलेलं.

निखाडेभाऊंनी माझी कोरी प्लेट घेतली, अगारचा तुकडा कापला आणि पट्टी उभी धरली. "चार मिलिमीटर पाह्यजे. तुमची साडेसहा. काहून एवढी जाड ओतली, ताई?"

"पातळ ओतली की कंजूषपणा वाटतो हो," मी म्हटलं. "आणि लवकर सुकतात."

"अन् जंतूबी दाट फासता तुम्ही. काल पाहून राहिलो होतो मी." ते हसले, पण मायेने. "थर जाड झाला की औषध बाजूले पसरत नाही, खाली मुरते. वर्तुळ लहान येते. औषध चालते, अन् आपल्याले वाटते की नाही चालत."

माझे कान तापले. नवा जंतू वगैरे काही नव्हतं. होता तो माझा सढळ हात. आणि मग एकदम सुगंधाचा तो सुजलेला हात डोळ्यांपुढे आला. वर्षभर मी असेच कागद लिहिले होते. घरी बसून कॅप्सूल घेऊन बऱ्या झाल्या असत्या अशा किती बायकांना मी सुया टोचून घ्यायला लावल्या, देव जाणे.

त्या दुपारी मी मापून चार मिलिमीटरच्या प्लेटा ओतल्या आणि आमचे दहाही जंतू, त्यांत सुगंधाचाही, त्यांच्यावर नव्याने लावले. जेवण जाईना, तर निखाडेभाऊ आणि गोंदियाची मुलगी मला फुटाळा तलावावर घेऊन गेले. तिथे सांबारवडी (कोथिंबिरीचं सारण भरलेली तळलेली वडी, इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) समोर ठेवली.

"खा, ताई. माह्याही हातून झालं होतं. फ्रिज बंद पडला, टिकल्या बाद झाल्या, अन् मी रिपोर्ट देत राहिलो."

"मग काय केलंत?"

"मग काय, सांगितलं सगळ्यायले. दोन दिवस लाज वाटली. लपवलं असतं तं जन्मभर वाटली असती."

ती वडी मी खाल्ली. चांगली होती हो, दुसरीही खाल्ली.

सकाळी सगळ्यांच्या आधी मी लॅबच्या दारात उभी. जंतू वाढायला ठेवतात त्या उबेच्या कपाटातून सुगंधाची प्लेट आधी काढली. पिवळ्या कॅप्सूलच्या टिकलीभोवती लख्ख, गोल, मोठ्ठं वर्तुळ! पट्टी लावली. पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावली.

"निखाडेभाऊ! चालते! कॅप्सूल चालते!"

मी त्या मजल्यावर अशी ओरडले की बाजूच्या खोलीतून माणसं धावत आली. त्रेपन्न वर्षांची बाई टाळ्या पिटते आहे आणि डोळ्यांतून धारा लागल्या आहेत, त्यांना कळेना हिला झालं काय. दहांपैकी नऊ वर्तुळं मोकळी झाली. एक तेवढं लहानच राहिलं, तो जंतू खरोखरच दाद देत नव्हता. "हे महत्त्वाचं," मॅडम म्हणाल्या. "नऊ खोट्या ओरडींत ही एक खरी बुडून गेली असती." त्यांनी स्वतः सगळं पुन्हा मोजलं, अहवालावर सही केली आणि मी डॉक्टर सबनिसांना फोन लावला.

मी सगळं सांगितल्यावर डॉक्टर म्हणाले, "म्हणजे शोभाताई, वर्षभर..."

"हो डॉक्टर. वर्षभर."

"कागदांवर माझीही सही आहे." मग म्हणाले, "सुगंधाची सुई आजपासून बंद. कॅप्सूल सुरू करतो."

परतीच्या गाडीत माझ्याबरोबर संत्र्याची बर्फी होती, निखाडेभाऊंनी चार मिलिमीटरवर लाल खूण करून दिलेली पट्टी होती, आणि ओळखीचा जंतू पाठवून देऊ असं मॅडमचं वचन. निघताना मला नागपूर म्हणजे मोठी मोठी यंत्रं असं वाटलं होतं. परतताना डोक्यात फक्त ती उभी धरलेली पट्टी होती. अख्खा महाराष्ट्र ओलांडून मी माझ्याच हाताचं माप घ्यायला गेले होते, आणि खरं सांगू, इतका आनंदाचा प्रवास मी दुसरा केला नाही.

गावी उतरले ती थेट सुगंधाकडे. जळजळ थांबली होती, हाताची सूज उतरत होती, मशीन सुरू होतं. बर्फी पुढे ठेवून मी सगळं सांगितलं. माझी प्लेट जाड, माझा कागद चुकीचा, तुझ्या सुया फुकट.

तिने मशीन थांबवलं. "शोभाताई, तुमचा ब्लाऊज माझ्याकडनं चुकला असता तर मी उसवून परत शिवून दिला असता. हे हाताचं तुम्ही कसं उसवणार?"

मी बर्फी तिथेच ठेवून निघून आले. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. खिडकीखालून गेले तरी मान वर केली नाही, आणि तिचं बरोबरच होतं.

पाचव्या दिवशी ती जिन्याखालच्या माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. काखेत तिची मापांची वही होती. "माझा कागद बदलला तुम्ही. बाकीच्या बायकांचं काय?"

तेच मला खात होतं. आमच्याकडच्या बायका दवाखान्याचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपतात आणि पुढच्या वेळी कुठल्याही डॉक्टरपुढे तोच ठेवतात. माझी चूक अशी घराघरांत सांभाळून ठेवलेली होती. दवाखान्याच्या रजिस्टरात नावं होती, पत्ते अर्धवट.

"कुणाचं घर कुठं ते माझ्या वहीत हाय," सुगंधा म्हणाली. "काढा गाडी."

रविवारी ती माझ्या स्कूटरवर मागे बसली. पहिल्या घरातल्या बाईने देवांच्या फळीवरून कागद काढून दिला. मी त्यावर आडवी रेघ मारली, 'ही तपासणी भरवशाची नाही, पुन्हा करावी' असं लिहिलं आणि खाली सही केली. वाऱ्याने कागद उडत होता, तो सुगंधाने उजव्या हाताने दाबून धरला होता. सुयांचे डाग अजून दिसत होते.

"म्हणजे चुकलं कुणाचं?" त्या बाईने विचारलं.

सुगंधा माझ्याकडे बघत थांबली.

"माझं," मी म्हटलं.

तेव्हा तिने वही उघडली आणि पुढच्या घराचं नाव वाचलं.