राजूरचे सहा, अयाकुचोचे साडेसात

"शिंदे, ते लोक मशीन परत पाठवतायत!" साहेबांनी ईमेलचा प्रिंटआउट माझ्या टेबलावर टाकला.

नगरच्या एमआयडीसीत धान्य सडायची, म्हणजे दाण्यावरचं साल काढायची छोटी मशीन बनवणारी आमची कंपनी. मी सर्व्हिस इंजिनिअर. हे मॉडेल माझं स्वतःचं डिझाइन. रिटायरमेंटला दोन महिने उरलेले, आणि परदेशी गेलेलं पहिलंच मशीन परत येणार! जिवाला फार लागलं.

मशीन होतं पेरू देशात, अँडीजच्या डोंगरातल्या अयाकुचोला. तिथला बायकांचा गट किनवा सडतो. राजगिऱ्यासारखं बारीक धान्य. तक्रार एकच, दाण्याचा चुरा होतो. वर्षभर मेसेज यायचे 'सर्व उत्तम, आभारी आहोत' आणि आता एकदम हे.

तेच मशीन आपल्या राजूरला, अकोले तालुक्यातल्या डोंगरात, भिकाबाईंचा गट वरईसाठी वापरतो. तिथे चुरा नाही. साहेब म्हणाले, "व्हिडिओ कॉल लावा. राजूरचं मशीन चालताना दाखवा त्यांना."

अयाकुचो आपल्या साडेदहा तास मागे. आपले संध्याकाळचे सात म्हणजे त्यांचे सकाळचे साडेआठ. साहेबांना सात कळवले, अयाकुचोला साडेआठ. राजूरला मात्र सहाच सांगितले. तिथला माणूस फोनवर "हा काय, निघालोच" म्हणतो तेव्हा त्याची आंघोळ व्हायची असते. अयाकुचोच्या गटप्रमुख एलेनाबाईंनीही आपल्या बायकांना तासभर आधीचं, साडेसातचं सांगून ठेवलं होतं. कारण तेच. हे मला नंतर कळलं.

त्या दिवशी मी राजूरच्या स्टँडवर निवांत चहा-भजी खाऊन पावणेसातला पोचलो. भिकाबाई मशीनच्या शेडला कुलूप लावत होत्या.

"अहो, कॉल आहे ना!"

"झाला की कवाच. परदेशी मान्सं टायमाची पक्की म्हनून आमी सहाच्या आधीच बसलो. तुमचा पत्ता न्हाई. मग तुमी कॉलसाठी केलेल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरनं तिकडच्या एलेनाबाईला लावला फोन."

तिकडच्या बायकाही, भारतातले इंजिनिअर वेळेचे कडक असतील म्हणून, साडेसातलाच हजर होत्या!

"पण भाषा?"

"भाषा कशाला लागती? करून दावलं. वरईला पान्याचा हबका मारायचा, गोधडीखाली घटकाभर झाकायची, मग मशीनमधी घालायची. कोरडी घातली तर फुटनारच की!"

मी गार पडलो. माझ्या मॅन्युअलच्या तिसऱ्या पानावर ठळक अक्षरांत छापलंय, धान्य कडकडीत वाळवूनच घालावे.

"तीन वर्षं मला का नाही सांगितलं? दर व्हिजिटला 'एक नंबर चालतंय' म्हणायचात!"

"तुमी एवढ्या लांबून येता. तोंडावर कसं सांगायचं? वाईट वाटलं असतं तुमाला."

वाटलंच. लाजही वाटली. अयाकुचोच्या बायकांनी वर्षभर 'सर्व उत्तम' का लिहिलं, तेही तिथेच उमगलं.

सातला साहेब कॉलवर आले तेव्हा दोन्हीकडे कुणी नव्हतं. लगेच मला फोन. "शिंदे, या डोंगरातल्या लोकांना वेळेची किंमतच नाही!"

"हो ना सर," मी म्हणालो.

मशीन अयाकुचोलाच राहिलं. मॅन्युअलचं तिसरं पान नवीन छापलं. त्यावर माझंच नाव आहे, भिकाबाईंचं टाकायला साहेब तयार झाले नाहीत.

जाताना हाताखालच्या इंजिनिअरांना एवढंच सांगितलं. गिऱ्हाईक 'एक नंबर' म्हणालं की सही घेऊन उठू नका. चपला काढा, खाली बसा आणि त्यांनाच मशीन चालवू द्या.