दोन पावसाळ्यांची टॉवेल-टोपी

घर घेतलं त्या वर्षी माझ्या कपाटात गॅरंटी कार्डांचा गठ्ठा जमला. पंख्याचं, गिझरचं, कुलरचं, पाण्याच्या मोटरचं. मोटर लवकरच जळाली. दुकानदाराने कार्ड उलटंपालटं करून वाचलं आणि व्होल्टेज कमी-जास्त झालं तर गॅरंटी लागू होत नाही, असं सांगितलं. महागावात व्होल्टेज कमी-जास्त होत नाही असा एक दिवस दाखवा, मी नवीन मोटर घेते, असं मी त्याला सुनावलं. तो हसला. मी शाळेत मास्तरीण आहे, मला फुकटचं हसणं जमत नाही.

घरात गॅरंटी कार्ड नव्हतं ते फक्त घराला.

घर मी घेतलं ते बाबांसाठी. ते फुलसावंगीला माझ्या भावाकडे राहायचे. पण त्यांना दमा, आणि भाव वाढेल या आशेवर भाऊ समोरच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरून ठेवायचा. कापसाच्या तुसाने बाबांचा जीव घाबरा व्हायचा. माझ्याकडे आणावं तर माझ्या भाड्याच्या खोल्यांना ओल. कोरड्या भिंतींचं घर, एवढीच माझी मागणी होती. त्यापायी होतं नव्हतं ते सगळं घातलं. नंतर रंग लागतो, टाकी धुवावी लागते, नळाची तोटी बदलावी लागते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

गावाच्या कडेला एका ओळीत चार घरं बांधून विकणारे ते ठेकेदार आधी स्वतः मिस्त्री होते. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. वास्तूच्या दिवशी, घर बांधणाऱ्याला देतात तशी मी त्यांना टॉवेल-टोपी आणि नारळ दिला. त्यांनी नारळ पिशवीत टाकला आणि टॉवेल-टोपी माझ्याच हातात परत ठेवली.

"हे ठेवा तुमच्यापाशी. घर उभं राह्यलं म्हून नाही घेत मी, कोरडं राह्यलं म्हून घेतो. दोन पावसाळे माह्ये, मॅडम. तिसऱ्यापासून तुमचे."

"आणि नारळ?"

"नारळ कायले नासवता?"

मला वाटलं, गोड बोलून वेळ मारून नेतात. पण पहिला मोठा पाऊस झाला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी चाचा दारात. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. आधी मान वर करून खोली-खोलीचं छत पाहिलं, स्लॅबवर जाऊन पाणी जायच्या पाइपाचं तोंड बोटाने साफ केलं, मग चहा घेतला. चारही घरांत हाच क्रम. बाबा म्हणाले, "डॉक्टर मले इतकं तपासत नाही."

त्या वर्षी घर कोरडं ठणठणीत राहिलं. बाबांचा दमाही शांत राहिला. मी मनातल्या मनात चाचांची माफी मागितली.

थंडीत चाचा गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. मी चाचींना भेटून आले. त्यांना मी त्याआधी कधी पाहिलंही नव्हतं.

दुसऱ्या पावसाळ्यात नेमका बाबांच्या खाटेवर स्लॅब गळायला लागला. आधी एक डाग, मग थेंब, मग बादली. खाट सरकवली, पण ओल काही खाटेला विचारून पसरत नाही. बाबांचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. मिस्त्री बोलवावा, तर पावसात स्लॅबचं काम करायला कोणी तयार होईना. शेजारीण म्हणाली, चाचींना सांगून पाहा, शब्द तर होता. बाबांनी ते ऐकलं.

"माणूस मेला त्या घरी तू गळक्या स्लॅबचं गाऱ्हाणं घेऊन जाशील, त मी आजच फुलसावंगीची गाडी धरतो."

"तिथं कापूस आहे, बाबा."

"असू दे."

मी गेले नाही. पण खरं सांगते, त्या रात्री मला चाचांचा राग आला. दोन म्हणाले होते आणि एकातच निघून गेले. अशा रागाला काही अर्थ नसतो, तरी येतो.

सकाळी फाटक वाजलं. डोक्यावरून ओढणी घेतलेल्या चाची, आणि मागे चाचांचे दोन जुने मिस्त्री. मी बसा म्हटलं, त्या बसल्या नाहीत. मान वर केली. हुबेहूब चाचांसारखी. मग त्यांना बादली दिसली.

"काहून सांगतलं नाही, मॅडम?"

मी बाबांकडे पाहिलं.

"त्यायचे दोन पावसाळे होते. एक बाकी हाय न."

पाऊस उघडला त्या दोन दिवसांत मिस्त्र्यांनी कठड्याचा आणि स्लॅबचा सांधा फोडून पुन्हा भरला. मग अजून गळतं का ते पाहायला चाचींनी स्लॅबवर सिमेंटची आळी करून पाणी भरायला लावलं, आणि स्वतः बाबांच्या खाटेशेजारी बसून वर पाहत राहिल्या. बाबाही पाहत होते. दोघांची ओळख अशी झाली. एक थेंब पडला नाही. मी पैशांचं विचारलं तर चाची अशा रागावल्या, की वर्गात मीही तशी कधी रागावले नसेन.

सोयाबीन निघाल्यावर, आभाळ मोकळं झाल्यावर चाची आल्या. मी त्यांच्यासाठी साडी आणून ठेवली होती. त्यांनी ती बाजूला सारली.

"साडी नको. त्यायचंच द्या."

कपाटातून टॉवेल-टोपी काढली. ती बाबांनी दोन्ही हातांनी दिली. चाचींनी टोपी टॉवेलात गुंडाळून छातीशी धरली आणि शेवटचं एकदा छताकडे पाहिलं.

"आता तिसरा तुमचा, मॅडम."

तिसऱ्या पावसाळ्यात स्लॅबवर मी स्वतः चढले आणि पाइपाचं तोंड साफ केलं. पहिला मोठा पाऊस झाला, तेव्हा बाबा कोरड्या खोलीत गाढ झोपले होते. सकाळी मी चाचींकडे गेले. त्या बसा म्हणाल्या, मी बसले नाही. मान वर केली. गावभर घरं बांधणाऱ्याच्या घरात, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, एक पातेलं ठेवलेलं होतं आणि त्यात थेंब पडत होता.

"काहून सांगतलं नाही, चाची?"

त्या तोंडाला ओढणी लावून हसायला लागल्या आणि हसता हसता रडल्या. मी तिथूनच मिस्त्र्यांना फोन लावला.