डोरिस आणि माझं सर्टिफिकेट

डोरिस गेल्याचं तिच्या मुलीने फोनवर कळवलं, त्याला आता पाच आठवडे झाले. मी "सॉरी" म्हणालो... हा शब्द मी तिच्या आईला कधीच म्हटला नव्हता.

वेस्ट व्हर्जिनियातल्या त्या कोळशाच्या गावात नागपूरहून आलेला मी एकटाच देशी डॉक्टर, आणि डोरिस आमची शेजारीण. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला खाण बंद पडली, तिचा नवरा, त्याचं नाव रे, घरी बसला. दर आठवड्याच्या बेकारीभत्त्यावर चार माणसांचं घर चालायचं. एकदा खोकल्यामुळे त्याची नोकरीची मुलाखत हुकली, तेव्हा सरकारी ऑफिसने डॉक्टरचा फॉर्म मागितला. आपल्याकडे साहेबाला पाझर फुटावा म्हणून डॉक्टर आजार थोडा वाढवूनच लिहितो. मीही मोठ्या मायेने लिहिलं, फुप्फुसं खराब, कोणतंही काम झेपणार नाही. पुढच्याच आठवड्यात भत्त्याचा चेक बंद झाला.

डोरिस क्लिनिकमध्ये आली. म्हणाली, "डॉक, काम करू शकतो त्यालाच बेकारीचे पैसे मिळतात. हलकं काम जमेल, एवढं लिहा." ते खरंही होतं. पण चूक दाखवलेली मला झोंबली. सही केलेलं मी बदलत नसतो, असं सांगून मी पुढच्या पेशंटला बोलावलं. घरी बायको म्हणाली, "अहो, प्रेस्टिज तुमची, पण चेक त्यांचा बंद झालाय." तरी मी अडून बसलो. मूर्खपणा, दुसरं काय! तीन आठवड्यांनी नवं पत्र दिलं, तोवर रे ओहायोला मेव्हण्याकडे निघून गेला होता. तिथे गोदामात ओझी उचलली आणि वर्षभरात अंथरूण धरूनच परतला. फार दिवस काढले नाहीत त्याने. डोरिस मात्र भेटली की पूर्वीसारखीच मुलांची चौकशी करायची. तिने एखादा टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

तिच्या अंत्यविधीनंतरचं जेवण चर्चच्या तळघरात होतं. रे गेल्यावर दर मंगळवारी ती तिथे बसून बेकार कुटुंबांचे फॉर्म भरून द्यायची. तिच्या टेबलामागे तिच्या ठसठशीत अक्षरातला कागद अजून चिकटवलेला आहे, "डॉक्टरकडे नेण्याआधी फॉर्म मला दाखवा." आईने असं का लिहिलं असेल, तुम्हाला काही ठाऊक आहे का, असं मुलीने मला विचारलं. म्हणजे डोरिसने घरातसुद्धा माझं नाव काढलं नव्हतं. मी नाही म्हणालो... आणि आता कबूल करतोय, तेही तिच्या मुलीला वाचता येणार नाही अशा भाषेत.