कॅमेऱ्याबरोबर फिरलेली कमान

खगोलशास्त्राच्या संस्थेत तिला सगळे वायूताई म्हणायचे. हजारो वर्षांपूर्वी फुटलेल्या एका ताऱ्याचे अवशेष अजून पसरत होते. त्यांच्या धक्क्याने आजूबाजूचा हायड्रोजन रेणूंचा वायू कुठे कुठे तापलाय, याचा नकाशा करायचा, हे तिचं काम. हा वायू डोळ्यांना दिसत नाही, अवरक्त प्रकाशात दिसतो. एका फिल्टरमधून वायू आणि तारे टिपायचे, दुसऱ्यातून नुसते तारे. मग पहिल्यातून दुसरं वजा करायचं. सांगायला सोपं, पण करताना तिच्या नाकी नऊ यायचे. तारे धड वजा होत नसत. जागोजागी काळी भोकं उरायची.

बऱ्याच खटपटीनंतर चित्रात एक लांब, रेखीव कमान उमटली. तिचे मार्गदर्शक सर तर हरखलेच. लेख परीक्षणाला जायच्या आतच त्यांनी कमानीचं भलंमोठं चित्र संस्थेच्या दारातल्या भिंतीवर लावून टाकलं.

परीक्षकाने एकच प्रश्न विचारला: कॅमेरा फिरवून पाहिलंत का?

"यांचं काय जातंय विचारायला!" ती चिडली. दुर्बिणीवर पुन्हा पाळी मिळायला वर्ष गेलं, आणि ती पाळी ढगांनी खाल्ली. पुढच्या पाळीत कॅमेरा काटकोनात फिरवून प्रतिमा घेतल्या. आकाशातली गोष्ट आकाशात आपल्या जागी राहायला हवी. कमान मात्र कॅमेऱ्याबरोबर फिरली. चौकटीबाहेरच्या एका तेजस्वी ताऱ्याचा उजेड फिल्टरवर परावर्तित होऊन आत सांडत होता, एवढंच.

"कमान काढून टाका, उरलेलं छापू," सर म्हणाले.

"उरलेलं म्हणजे चार डाग, सर. आणि भिंतीवरचं?"

"बघतो मी."

त्यांनी कित्येक महिने बघितलं नाही. तिला रोज त्या कमानीखालूनच आत जावं लागायचं.

घरी नवरा समजूत घालायला गेला. "अगं, चूक वेळेत सापडली, बरंच झालं की."

"कुणाला बरं झालं? डोंगर पोखरला आणि उंदीर निघाला, तोही कॅमेऱ्यातला! मला समजूत नकोय, जेवू दे."

तापलेल्या वायूचे ते चार डाग मात्र खरे होते. कॅमेरा कसाही धरला तरी अवशेषांच्या एका कडेला, जिथल्या तिथे. तिने त्यांची तेजस्विता पुन्हा मोजली, लेख नव्याने लिहिला. तो छापूनही आला. परिषदेत तिच्या नकाशापुढे थांबणारा जो तो विचारी, "ती कमान कुठे गेली?" ती कोरडेपणाने सांगे, "नव्हतीच."

मग डागांचा वर्णपट घेण्यासाठी तिने दुर्बिणीचा वेळ मागितला. नकार आला: या अवशेषांत विशेष काही दिसत नाही. ती इमारतीला एक फेरी मारून आली, पाणी प्यायली आणि अर्ज पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला बसली.

संध्याकाळी घरीही तिने तोच अर्ज काढला, तसं नवऱ्याने विचारलं, "परत तेच?"

"मग दुसरं काय येतं मला?" ती करवादली, आणि त्याला बाजूला सारून खुर्ची पुढे ओढली.