उंद्रीचे पंच आणि ताईचा पासपोर्ट

सरकारी कचेरीतून हसत परत येणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या ताईचे चुलतसासरे, काकाजी. तहसिलीचं नाव काढलं की इतर लोक काम उद्यावर ढकलायचे, काकाजींच्या अंगात मात्र उत्साह संचारायचा. उंद्रीला त्यांची वांग्या-मिरच्यांची बाग होती, पण जीव सगळा कचेरीत. चिखलीला तहसिलीत जायचं तर लग्नाला निघाल्यासारखी तयारी: परीटघडीचं धोतर, टोपी आणि भर मे महिन्यातही काळा कोट. कचेरीच्या दारात वहाणा काढून आत जायचं. साहेब जागेवर नसले तर रिकाम्या खुर्चीला रामराम करून म्हणायचे, "साहेब येवोत तवा येवोत, खुर्चीच्या त कानावर घालून ठेवतो." शिपाई तोंडावर रुमाल धरून बाहेर पळायचा. बागेतलं एक वांगंसुद्धा मात्र त्यांनी कधी कुणा साहेबाला नेऊन दिलं नाही. मी एकदा तसं सुचवलं, तर माझ्यावरच डाफरले, "वांगं खाऊन केलेलं काम वांग्याचं असते, मास्तर. मले सरकारचं पाह्यजे."

पंच म्हणून सही करणं हा त्यांचा दुसरा शौक. कुणाचा बैल चोरीला जावो, कुणाची भिंत पडो, पंचनाम्याला काकाजी हजर. सही अशी ऐसपैस की दीड ओळ खाऊन टाकायची, आणि खाली चाबूक ओढल्यासारखी रेघ. एकदा ते आजारी असताना फौजदारानं दुसऱ्याच कुणाला पंच नेमलं, तर हा माणूस अंगावर घोंगडी घेऊन तिथं गेला आणि "जागा ठेवली ना माही?" म्हणून विचारून आला. अशा माणसापुढे काय बोलणार!

आमच्या घरावर त्यांचे उपकार झाले ते ताईच्या पासपोर्टामुळे. ताईचं लग्न झालं आणि चार महिन्यांत भाऊजी विलायतेला कारखान्यात नोकरीला गेले. तिकडे बस्तान बसलं की तिला बोलावून घेणार होते. पासपोर्टाचा अर्ज मीच भरला. मी शेजारच्या गावात शाळामास्तर, माझं अक्षर चांगलं, म्हणून कौतुकानं माझ्याकडे दिला होता. वर्ष उलटलं तरी उत्तर नाही. दुसरं वर्ष लागलं. भाऊजींची पत्रं आखूड होत चालली आणि गावातल्या बाया विहिरीवर ताईला ऐकू जाईल असं बोलू लागल्या, "तिकडं दुसरी केली असंल त्यानं. नाईतर काऊन नेत नाई?" ताई घागर भरायची आणि मान खाली घालून घरी यायची. ती वाळत चालली होती, मला बघवत नव्हतं.

मी स्मरणपत्रांवर स्मरणपत्रं धाडत होतो. काकाजी म्हणाले, "कागदाले कागद काय सांगते? माणूस जाऊ द्या." आणि दर आठवड्याला ते येष्टीनं बुलढाण्याच्या जिल्हा कचेरीत जाऊ लागले. कारकून म्हणायचा, फाइल सापडत नाही. हे म्हणायचे, "सापडू द्या आरामानं, मी बसून राह्यलो," आणि बाकावर फडकं सोडून भाकरी खायचे. चार महिन्यांत तिथल्या शिपायाच्या मुलीचं लग्न त्यांनी जमवलं, कारकुनाच्या आईच्या गुडघ्याला कसलासा पाला दिला, पण फाइल काही हलेना. शेवटी एका सोमवारी मी रजा काढून बरोबर गेलो. कारकुनानं त्या दिवशी आपणहून कपाट उपसलं आणि फाइल काढली.

"अहो काकाजी, हे तर केव्हाच निकालात निघालंय. या नावाची बाई उंद्रीत राहतच नाही. चौकशीला गेलेल्या जमादारानं गावातल्या प्रतिष्ठित इसमाचा जबाब घेतलाय."

काकाजी ताडकन उभे राहिले. "कोन आहे तो हलकट? माह्या घरची सून गावात नाई म्हन्ते? नाव सांगा त्याचं!"

कारकुनानं कागद फिरवला. खाली दीड ओळीची सही होती आणि तिच्याखाली चाबकाची रेघ.

झालं होतं ते असं. मी अर्ज भरला शाळेच्या दाखल्यावरून: नाव कमल, आडनाव आमचं. सासरी मात्र तांदळाच्या ताटात अंगठीनं तिचं नाव सुशीला लिहिलं होतं, आणि आडनाव त्यांचं. बाजाराच्या दिवशी वांग्यांच्या ढिगाशी बसलेल्या काकाजींना जमादारानं विचारलं, कमल अमुक-अमुक इथं राहते का? काकाजींनी छाती काढून सांगितलं, या आडनावाचं घरच नाही आमच्या गावात, आणि खाली सही ठोकली.

काकाजींनी सहीवरून बोट फिरवलं. मग टोपी काढून म्हणाले, "साहेब, तो हलकट मीच. लिहून घ्या. पंच चुकला."

"चूक माझी आहे, अर्ज मी भरला," असं मी म्हणायला लागलो, तर हातानं मला थांबवलं. "तुम्ही गप राहा. सही माही आहे."

जबाब दिला, नव्यानं चौकशी लागली. तेवढ्यावर भागलं असतं. गावाला कळवायची काही गरज नव्हती. पण संध्याकाळी उंद्रीला घरी आल्यावर काकाजी सगळ्यांदेखत ताईसमोर उभे राहिले, हात जोडून. सासऱ्यानं सुनेला हात जोडलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले, पुन्हा कधी पाहिले नाहीत. "माय, तुहं दीड वर्ष म्या खाल्लं," म्हणाले. ताई गडबडून त्यांच्या पाया पडली. रडता रडता हसली आणि म्हणाली, "तुम्ही खरं तेच सांगितलंत, काकाजी. कमल आता कुठं राहते इथं?" दुसऱ्या दिवशी काकाजी स्वतः विहिरीवर गेले आणि बायांना आपला पराक्रम मोठ्यानं सांगून आले. तेव्हापासून ताईबद्दलची कुजबुज थांबली. हसायला त्यांना काकाजी मिळाले होते.

तीन महिन्यांनी पासपोर्ट आला. ताईला मुंबईच्या गाडीत बसवायला आम्ही मलकापूरला गेलो. काकाजी खिडकीशी उभे राहून तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते, की तिकडच्या कचेरीत घाबरायचं नाही, तिथंही माणसंच असतात. गाडी हलली तसे ते दहा-वीस पावलं चालले, मग थांबले. गाडी दिसेनाशी झाली तरी जागचे हलेनात. मी जवळ गेलो.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "पाठवाचा अर्ज कुठं द्याचा ते मले समजलं. वापस बोलवाचा कोन्त्या हापिसात देतेत हो?"

तो अर्ज कोणतंच हापिस घेत नाही, हे त्यांना सांगायचं धैर्य माझ्यात नव्हतं. "विचारून ठेवतो," म्हणालो.

"हाव, विचारा," काकाजी म्हणाले. "मी बसून राहीन. मले घाई नाई."